मे महिन्यात ‘सुरक्षित’ ठरलेला पूल ऑगस्टमध्ये का पडतो?

प्रश्न : माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, नोकरी ठाण्यात. गणपती, शिमगा, मे महिन्याची सुट्टी यासाठी मुंबई-गोवा महामार्गाने जाणं होतं, बहुतेक वेळा रात्रीच्या एसटीने. २०१६ मध्ये महाडचा सावित्री पूल पडला तेव्हा मे महिन्यातच त्याची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. ९ जुलै २०२५ ला गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, तोही भर वाहतुकीत. तपासणी होऊनही पूल पडणार असतील तर स्ट्रक्चरल ऑडिटवर विश्वास कसा ठेवायचा? आणि आमच्यासारख्या प्रवाशांनी काय करायचं?

उत्तर : माझी नोकरी पुलांच्या कामातच गेली, त्यातली बरीचशी कोकणात. त्यामुळे सावित्रीच्या पुलाबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही, आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. पण तुम्ही विचारलेल्या पहिल्या गोष्टीचं उत्तर सरळ आहे. मे महिन्यातली तपासणी खरोखर झाली असेल, करणाऱ्याने मन लावून केली असेल, त्याला काही आढळलं नसेल आणि तरीही पूल ऑगस्टमध्ये पडला असेल, हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं. नदीवरचे पूल ज्या कारणाने सर्वांत जास्त पडतात, ते कारण मे महिन्यात रस्त्यावर उभं राहून दिसत नाही.

त्या रात्रीचे तपशील पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. २ ऑगस्ट २०१६, मंगळवार, आषाढ अमावस्या. महाबळेश्वरला प्रचंड पाऊस चालू होता. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर, आणि थोडक्याच अंतरात महाडच्या सपाटीला येते. वर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली हजर होतो. त्यात अमावस्येची उधाणाची भरती. महाडच्या बाजूला खाडीचा फुगवटा जाणवतो हे तिथल्या कुणालाही विचारा. अशा पाण्यात रात्री साडेअकराच्या सुमारास १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहनं त्या खळाळात गेली. मृत आणि बेपत्ता मिळून चाळीसच्या आसपास माणसं. मृतदेह खाडीतून थेट समुद्राच्या तोंडापर्यंत वाहत गेले. नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ अनेक दिवस गाड्यांचे सांगाडे शोधत होते.

शेजारीच नवा पूल होता, मुंबईहून कोकणाकडे जाणाऱ्या वाहनांसाठी. तोच पूर, तीच नदी, तीच रात्र, आणि तो उभा राहिला. जुना पूल ‘ब्रिटिशकालीन’ होता म्हणून पडला, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. मला हे अर्धवट वाटतं. दगडी कमान ही फार चिवट रचना आहे. तिच्यात गंजायला लोखंड नाही. दगडावर दाब जितका, तितकी ती घट्ट बसते, म्हणून बैलगाड्यांच्या काळातल्या कमानी आज ट्रक पेलतात. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे पायाखालची जमीन हलणं. एका खांबाचा पाया खचला की त्यावर टेकलेल्या दोन्ही कमानींचा एकमेकींना असलेला रेटा सुटतो. मग त्यांच्या शेजारच्या कमानीही जातात. तडे जाऊन, वाकून, इशारा देऊन हा पूल पडत नाही. काही क्षणांत संपतो.

पाया खचतो कसा, हे पाहण्यासाठी किनाऱ्यावर जा. गणपतीपुळ्याला किंवा आंजर्ल्याला पाण्यात उभे राहा. लाट परतताना टाचेखालची वाळू निघून जाते आणि तुमचा तोल जातो. पुलाच्या खांबाशी पुरात हेच होतं, फक्त प्रचंड जोराने. प्रवाह खांबावर आपटतो, त्यातला काही भाग खांबाच्या तोंडाशी खाली वळतो आणि तळाला भोवरा धरून खड्डा पाडत जातो. आम्ही याला स्काउर म्हणतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते हलवू शकणाऱ्या दगडाचं वजन दुपटीने नाही, चौसष्ट पटीने वाढतं. एरवी जे धोंडे वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत ते एका रात्रीत गोट्यांसारखे घरंगळत जातात, याचं कारण हे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पूर ओसरायला लागला की वेग कमी होतो आणि वाहत आलेला गाळ, रेती, बारीक गोटे त्याच खड्ड्यात बसतात. दसऱ्यापर्यंत खड्डा भरलेला असतो. मे महिन्यात पाहणीला गेलेल्या माणसाला खांबाभोवती छान सपाट तळ दिसतो. पण तो भराव सैल असतो. पुढच्या मोठ्या पुरात पहिल्या तासाभरातच तो निघून जातो, आणि त्याच्याखाली नदी आणखी थोडं खणते. वर्षानुवर्षं असं होत राहतं. म्हणजे पुलाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका पुराच्या माथ्यावर असतो, जेव्हा खाली उतरून पाहणं कुणालाच शक्य नसतं, आणि पाहणी होते ती नदीने खड्डा बुजवून ठेवल्यावर. मे महिन्यात पाहायला काहीच हरकत नाही. पण तेवढ्यावर ‘धोका नाही’ असं लिहिता येत नाही.

सावित्रीच्या पुलाचं वयही इथे वेगळ्या अर्थाने मोजावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेस, जिच्या संहितेवर आपले आजचे पूल बेतले जातात, ती स्थापन झाली १९३४ साली. तळ किती खोल खणला जाईल याचा अंदाज बांधण्यासाठी आपण लेसीचं सूत्र वापरतो, ते १९३० च्या आसपासचं. म्हणजे १९२८ चा हा पूल या दोन्हींच्या आधीचा. तेव्हाच्या अभियंत्यांनी अनुभवाने, नदीकाठच्या माणसांना विचारून, कडक जमीन लागेपर्यंत खणून पाया घेतला. त्यातले किती पूल आजही उभे आहेत हे पाहिलं की त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण आजच्या हिशेबाने तो पाया पुरेसा खोल आहे का, हे प्रत्येक जुन्या पुलाबाबत नव्याने तपासावं लागतं. आजची संहिता सांगते की खांबाशी तळ खणला जाण्याची खोली ही सर्वसाधारण खोलीच्या दुप्पट धरा, आणि खोल पाया त्याच्याही खाली आणखी एक तृतीयांश न्या. पाणलोट क्षेत्र लहान, म्हणजे ३,००० चौरस किलोमीटरपर्यंत असेल, तर पाया ठरवताना पुराचा प्रवाहच ३० टक्क्यांनी वाढवून धरा. कोकणातल्या बहुतेक नद्या या गटात येतात. शिवाय लेसीचं सूत्र गाळाच्या मैदानी नद्या डोळ्यांपुढे ठेवून केलेलं आहे. धोंडे, मुरूम आणि मध्येच उघडा कातळ अशा आपल्या नद्यांना ते जसंच्या तसं लावून समाधान मानणं मला कधीच पटलं नाही. इथे सूत्रापेक्षा प्रत्यक्ष मोजमाप महत्त्वाचं : दर पावसाळ्याआधी आणि नंतर पुलाखाली नदीचा आडवा छेद घ्यायचा, प्रत्येक खांबाशी तळ कुठे आहे ते मोजायचं, आणि मागच्या वर्षीच्या छेदावर ठेवून पाहायचं. यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. उन्हाळ्यात लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी) पुरते, जिथे बारमाही पाणी आहे तिथे होडीतून इको साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र. लागते ती चिकाटी, आणि मागच्या वर्षीचा कागद जपून ठेवणारं कार्यालय.

हे केवळ आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहरी क्रीक नावाच्या नदीवर १९५४ मध्ये महामार्गाचा पूल बांधला. पाये उथळ होते, म्हणून संरक्षणासाठी खांबांभोवती मोठे दगड टाकले होते. पुरांनी ते दगड वाहून नेले, पुन्हा पुरेसे टाकले गेले नाहीत. ५ एप्रिल १९८७ ला वसंतातल्या पुरात एका खांबाखालची जमीन गेली आणि पूल पडला. पाच वाहनं नदीत पडली, दहा माणसं गेली. वरून पूल ठाकठीक होता. या अपघातानंतर तिथे पुलांच्या पायांची स्काउरसाठी स्वतंत्र तपासणी सक्तीची झाली आणि पाण्याखालचे पाये पाणबुडे उतरवून ठरावीक वर्षांनी पाहण्याचा नियम आला. त्याच पुराची आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

आपल्याकडचे आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. १९७७ ते २०१७ या चाळीस वर्षांत भारतात निकामी झालेल्या २,१३० पुलांचा एक अभ्यास झाला आहे. त्यात ८० टक्के पूल नैसर्गिक आपत्तीने, मुख्यतः पुराने गेले. साहित्य खराब होऊन गेलेले सुमारे १० टक्के. जादा भाराने गेलेले तीन टक्क्यांच्या थोडे वर. आणि पडताना पुलाचं सरासरी वय होतं ३४.५ वर्षं. शंभर वर्षं नव्हे. ‘जुने ब्रिटिश पूल पाडून टाका म्हणजे प्रश्न सुटेल’ असं म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा नीट पाहावा. आपल्या डोळ्यांदेखत बांधलेले पूल पडत आहेत. गंभीरा पूल १९८५ चा.

‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दाआड मात्र लपू नये. नदीचा तळ खाली जातो त्यात माणसाचा हात असतो. पुलाच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला सक्शन पंप लावून रेती उपसली की नदी तो खड्डा भरून काढण्यासाठी आजूबाजूचा तळ ओढून घेते आणि ती खणत-खणत पुलापर्यंत पोचते. पुलाच्या आसपास रेती उपशाला बंदी असते. ती किती पाळली जाते हे कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या माणसाला ठाऊक आहे. ज्या पुलाची विहीर, म्हणजे खांबाखालचा विहिरीसारखा गोल पाया, पूर्वी तळात गाडलेली होती आणि आता तिची गोल भिंत उघडी पडली आहे, तिथे नदीचा तळ खाली गेला आहे, हे कुणीही ओळखू शकतं. हा पुरावा ऑक्टोबरपासून जूनपर्यंत उघड्यावर असतो. महसूल खात्याने रेतीकडे पाहायचं आणि बांधकाम खात्याने पुलाकडे, अशी वाटणी झाल्यामुळे दोघांच्या मधला हा पुरावा कुणाच्याच फाइलमध्ये जात नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त संताप कशाचा येत असेल तर याचा.

आता पुलांच्या दुसऱ्या जातीबद्दल, कारण गंभीरा त्यात येतो. तिथे प्राथमिक कारण म्हणून पेडेस्टल (तुळई ज्यावर टेकते तो खांबावरचा छोटा चौथरा) आणि आर्टिक्युलेशन जॉइंट चिरडल्याचं सांगितलं गेलं. वीसच्या वर माणसं गेली. आर्टिक्युलेशन म्हणजे, एका बाजूने पुढे आलेल्या तुळईच्या टोकावर मधल्या भागाची तुळई टेकवलेली असते, ती जागा. पाणी नेमकं तिथे झिरपतं, बेअरिंग (तुळईला थोडं सरकू देणारा टेकू) तिथे अडकतं, आणि पाहणी करणाऱ्याला तिथे डोकं घालायलाही जागा नसते. साठ ते ऐंशीच्या दशकात अशा रचनेचे पूल देशभर बांधले गेले, कारण तेव्हाच्या गणिताला आणि सिमेंट-पोलादाच्या टंचाईला ते सोयीचे होते. आज त्यांच्याकडे सर्वांत आधी बघायला हवं.

काँक्रीटच्या आत दडलेलं पोलाद हाही तसाच विषय. गोव्यात पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला पडला तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. ताण दिलेल्या पोलादी केबल खाऱ्या हवेत आतल्या आत गंजल्या होत्या. वाशीच्या पहिल्या ठाणे खाडी पुलालाही, जो १९७३ मध्ये सुरू झाला, केबल गंजण्याच्या दुखण्याने लवकरच गाठलं, आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल सुरू करावा लागला. इटलीत जिनोव्हा शहरातला मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला पडून ४३ माणसं गेली. त्याच्या तिरप्या ताणदोऱ्या काँक्रीटच्या आवरणात होत्या. आवरणामुळे पोलादाचं रक्षण होईल असा हिशेब होता, प्रत्यक्षात आत काय चाललंय हे आवरणानेच दिसू दिलं नाही. त्याच पुलाच्या एका मनोऱ्याच्या ताणदोऱ्यांना १९९० च्या दशकात बाहेरून नव्या केबल जोडून आधार दिला होता. पडला तो दुसरा मनोरा. या जातीच्या पुलांत नदीशी संबंध नाही, पण मुद्दा तोच : जिथे डोळा पोचत नाही तिथे बिघाड असतो.

आणि कधीकधी बिघाड कागदावर असतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीवरचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी गर्दीच्या वेळी पडला, १३ मृत्यू, १४५ जखमी. त्याची दरवर्षी तपासणी होत होती. चौकशीत निघालं की सांधे जोडणाऱ्या काही पट्ट्या मूळ आराखड्यातच निम्म्या जाडीच्या होत्या, अर्धा इंच, चाळीस वर्षांपूर्वी झालेली हिशेबाची चूक. नंतर डेकची, म्हणजे वाहनं चालतात त्या पृष्ठाची, जाडी वाढवली गेली, आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामान नेमकं त्या भागावर रचलेलं होतं. पट्ट्या वाकल्याचं जुन्या फोटोंत दिसत होतं, पण तपासणारे गंज शोधत होते, हिशेब कुणी पुन्हा मांडलाच नव्हता.

म्हणून ‘ऑडिट झालं का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्याकडे ऑडिट या नावाखाली बरंच काही खपतं. एक माणूस पुलावरून चालत जातो, कठड्याचा रंग, खड्डे, जॉइंट पाहतो, रिबाउंड हॅमरने चार ठिकाणी ठोकून काँक्रीटची ताकद लिहितो, फोटो जोडतो. त्याला मी ऑडिट म्हणणार नाही. सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पडला, त्याच्याही ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती एवढंच सुचवलेलं होतं. खरं ऑडिट मूळ नकाशे शोधण्यापासून सुरू होतं. नकाशे नसतील तर पाया किती खोल आहे ते खांबाशेजारी बोअर घेऊन ठरवायचं. नदीचा छेद घ्यायचा. आजच्या वाहनांचा भार धरून गणित नव्याने मांडायचं, कारण २०१८ मध्ये मालवाहू गाड्यांच्या भाराची कायदेशीर मर्यादाच वाढवली गेली आणि जुन्या पुलांना ते कुणी विचारून केलं नाही. बेअरिंगपर्यंत हात पोचेल अशा इन्स्पेक्शन व्हॅनच्या बादलीतून खालून पाहायचं. अहवालात शेवटी ‘सुस्थितीत’ असा एक शब्द लिहायचा नाही. काय पाहिलं, काय पाहता आलं नाही आणि कोणत्या पाणी पातळीपर्यंत पूल चालू ठेवावा, हे लिहायचं. ‘काय पाहता आलं नाही’ हा रकाना आपल्या नमुन्यांत ठळक हवा. तो असता तर सावित्रीच्या अहवालात ‘पाया : पाहता आला नाही’ असं लिहावं लागलं असतं, आणि मग पुढचा प्रश्न कुणीतरी विचारला असता.

सावित्रीनंतर काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. न्यायालयीन चौकशी आयोग नेमला गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची संगणकीय नोंद सुरू केली. तिच्यात सुमारे पावणेदोन लाख बांधकामं आली, बहुसंख्य मोऱ्या. प्रत्येकीला क्रमांक मिळाला, अक्षांश-रेखांश मिळाले. चांगलं काम आहे, त्याआधी आपल्याकडे किती पूल आहेत हेच एका जागी माहीत नव्हतं. पण नोंद म्हणजे सुरक्षितता नव्हे. आणि जिल्हा परिषदेचे, ग्रामपंचायतीचे, जुन्या संस्थानी रस्त्यांवरचे पूल या यादीच्या बाहेर आहेत. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने पडला, चार माणसं गेली. तो धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक होता, पण पूल उघडा होता.

इथे मी माझ्या खऱ्या म्हणण्याशी येतो. पूल पडणं प्रत्येक वेळी थांबवता येणार नाही. पडणाऱ्या पुलावर माणूस नसणं हे मात्र बऱ्याच वेळा आपल्या हातात असतं. मघाशी अर्धवट सोडलेली स्कोहरीची गोष्ट अशी : त्याच पुरात त्याच नदीवर पाचेक किलोमीटर वरच्या बाजूला आणखी एक पूल होता. त्याच्याही पायाची शंका आली म्हणून तिथल्या रस्ते खात्याने तो पुरातच बंद केला. पहिला पूल पडल्यावर सहा दिवसांनी या दुसऱ्या पुलाचाही मोठा भाग कोसळला. त्यावर कुणीही नव्हतं.

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. जुन्या शिवाजी पुलावर पाणी मच्छिंद्रीला, म्हणजे पुलावरच्या पारंपरिक पूर-खुणेला, लागलं की पुलावरची वाहतूक थांबवायची, हे लोकांनीच पिढ्यानपिढ्या मान्य केलेलं आहे, त्यावर कुणी पोलिसाशी हुज्जत घालत नाही. कोकण रेल्वेचं उदाहरण तर सावित्रीच्याच पात्रातलं आहे. रेल्वेच्या काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन पुलांवर आज पाणी धोक्याच्या खुणेवर गेल्याची सूचना देणारी यंत्रणा आहे. पावसाळ्यात गस्तीचे लोक रुळांवरून चालत असतात, गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, वेग कमी असतो, आणि स्टेशन मास्तर गाडी सोडायची नाही असं म्हणाला तर ती सुटत नाही. त्या अधिकारामागे संपूर्ण रेल्वे उभी असते.

रस्त्यावर हा अधिकार कुणाचा? पूल एका खात्याचा, रस्ता बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, बॅरिकेड पोलिसांचं, पाण्याची माहिती पाटबंधाऱ्यांकडे, पावसाची हवामान खात्याकडे. दिवसा कार्यालयात हे सगळे फोनवर सापडतात. रात्री साडेअकराला, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी पुलाशी उभा असलेला माणूस शाखा अभियंता किंवा होमगार्ड असतो. त्याने पूल बंद केला आणि काही झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारला जातो : दहा किलोमीटर रांग लागली, आमदार अडकले, दूध नासलं. त्याने पूल चालू ठेवला आणि काही झालं नाही, तर कुणी काही विचारत नाही. शंभरात नव्याण्णव वेळा काही होत नाहीच. माणूस शेवटी काय करायला शिकतो ते सांगायची गरज नाही. सावित्रीच्या काठी त्या रात्री पुलाजवळच्या एका गॅरेजमधल्या कामगाराने पूल गेल्याचं ओळखून येणारी वाहनं थांबवली. त्याच्याकडे कुठलाच अधिकार नव्हता. त्याने जे केलं ते करण्यासाठी पगारी माणूस, लाल दिवा, आडवा बांबू आणि आधीच सही झालेला आदेश प्रत्येक अशा पुलावर जून ते सप्टेंबर असायला हवा : खांबावरच्या लाल पट्ट्याला पाणी लागलं की फाटक पाडायचं, वरिष्ठांना नंतर कळवायचं, आणि त्याबद्दल त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही.

आता प्रवाशांनी काय करायचं. भीतीचं प्रमाण आधी नीट लावून घ्या. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पूल पडून गेलेली फार थोडी. तुमच्या प्रवासात झोपाळलेला चालक आणि उलट्या लेनमधून येणारा डंपर हे पुलापेक्षा कितीतरी मोठे धोके आहेत. पण पुलाचा धोका प्रवाशाला स्वतःला टाळता येत नाही, म्हणून तो सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाचीतरी आहे आणि तिचा हिशेब मागणं योग्यच आहे.

तो हिशेब कसा मागायचा ते सांगतो. तुमच्या गावच्या वाटेवरचा एक पूल निवडा, सगळे नको. माहिती अधिकारात ‘पूल सुरक्षित आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर एका ओळीत येतं. त्याऐवजी कागद मागा : पायाच्या खोलीचा नकाशा, गेल्या तीन वर्षांतले पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे नदीचे आडवे छेद, आजवरची सर्वांत मोठी पूर पातळी आणि तिची खूण खांबावर कुठे आहे, पाण्याखालच्या पायाची शेवटची पाहणी कधी झाली, आणि कोणत्या पातळीला कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने वाहतूक बंद करायची याचा लेखी आदेश. यातलं काहीच नाही असं उत्तर आलं तरी ते मोलाचं आहे, कारण ते सहीनिशी येतं. मग ते ग्रामसभेत वाचा, आमदारांना द्या, स्थानिक बातमीदाराला द्या.

गावी राहणाऱ्या भावाला किंवा पुतण्याला सांगा की दिवाळीच्या सुमारास आणि मे महिन्यात, नदीपात्रात उतरून एकाच जागेवरून पुलाच्या खांबांचे फोटो काढून ठेव. वर्ष-दोन वर्षांनी शेजारी ठेवले की तळ खाली गेला आहे का, विहिरीची भिंत किती उघडी पडली, दगडांच्या सांध्यांत पिंपळ-उंबर रुजलेत का, हे समजतं. पिंपळाचं रोप लहान असताना उपटता येतं, मूळ कमानीत शिरलं की दगड निखळल्याशिवाय निघत नाही. पुलावरून जाताना कठड्याची रेघ एका डोळ्याने पाहायची सवय लावा. ती सरळ किंवा एकसारखी वळलेली असायला हवी. मध्येच बसलेली, मोडलेली दिसली, किंवा जॉइंटवर पूर्वी नसलेला धक्का अचानक बसायला लागला, तर त्याच दिवशी कळवा, लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि रात्रीच्या प्रवासापुरतं एवढं : पाणी पुलाच्या डेकला लागलेलं असेल किंवा वरून वाहत असेल, तर गाडी तुमची असो की एसटी, ती पुढे जाऊ नये यासाठी बोला. चालकाला एकट्याने हा निर्णय घ्यायला लावू नका. मागे उशिराचा जाब त्याला द्यायचा असतो. पाच-सहा प्रवाशांनी मिळून ‘दादा, थांबा, आम्ही सांगू डेपोत’ म्हटलं की त्याला थांबता येतं. गाडी पुलाच्या अलीकडे, चढावर, रस्त्याच्या कडेला लावा. पूर बघायला पुलावर जाऊन उभे राहू नका. ११२ ला फोन करून नदीचं नाव, जवळचं गाव आणि किलोमीटरचा दगड सांगा, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना टॉर्चने इशारा देत राहा. पाणी उतरलं म्हणून लगेच निघू नका. पूर ओसरत असतानाच उघड्या पडलेल्या पायावरचे पूल पडल्याची उदाहरणं आहेत. कुणीतरी जबाबदार माणूस दिवसाउजेडी पूल पाहून जाईपर्यंत थांबा. एवढ्याने गावी पोचायला एक दिवस उशीर होईल. तो होऊ द्या.